सादरीकरणाची चौकट आणि माहितीचे दृश्यरूप : टफ्टी यांच्या भूमिकेचे परीक्षण

माहिती मांडण्याचे साधन तटस्थ असते, असा सार्वत्रिक समज आहे. माहितीच्या दृश्य मांडणीचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ‘द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट’ (२००३) या निबंधात या समजालाच आव्हान दिले. १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम उपलब्ध झालेल्या पॉवरपॉइंटची मथळा, मुद्दे, उपमुद्दे ही श्रेणीबद्ध रचना वक्त्याच्या सोयीची असली, तरी आशयाला मारक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

कोलंबिया यानाच्या दुर्घटनेसंदर्भात टफ्टी यांनी केलेले विश्लेषण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे मांडलेल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. मात्र उपलब्ध चाचण्या ३ घनइंच आकाराच्या तुकड्यावरील असून प्रत्यक्षातील तुकडा १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा असावा, ही निर्णायक तुलना तळाच्या उपमुद्द्यात दडली होती. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या प्रवासात यानाचे विघटन होऊन कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या प्रथेवर चौकशी मंडळानेही ऑगस्ट २००३ च्या अहवालात टीका केली.

तथापि, सर्व दोष साधनाला देणे एकांगी ठरेल. त्याच स्लाइडवर ‘सिग्निफिकंट’ हा शब्द पाच वेळा संदिग्धपणे आला आहे. ती निवड माणसाची होती. पंखाची छायाचित्रे मिळवण्याचे प्रयत्न थांबवण्याचा निर्णयही व्यवस्थापनाचा होता. शिवाय पॉवरपॉइंटमध्ये तक्ता किंवा आलेख करता येत नाही, असेही नाही. परंतु नवी स्लाइड उघडताच समोर येते ती मथळ्याची व मुद्द्यांची चौकट. तुलनेची जागा वापरणाऱ्याला स्वतः निर्माण करावी लागते. हे दोन आकडे शेजारीशेजारी दोन स्तंभांत मांडले असते, तर तफावत मथळ्याआधी नजरेत भरली असती. साधन सक्ती करत नाही, पण सवय लावते, अशी टफ्टी यांच्या भूमिकेची दुरुस्ती करावीशी वाटते.

महाविद्यालयीन अध्यापनातही याचा विचार व्हावा. कारणमीमांसा मुद्द्यांत तोडली की ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ हे दुवेच गळून पडतात व विद्यार्थ्याच्या वहीत केवळ यादी उरते. नकाशे, चित्रे व आलेख यांसाठी पडदा आणि युक्तिवादासाठी सलग लिखित टिपण, अशी विभागणी केल्यास साधनाचा लाभ घेऊनही विचाराची सलगता राखता येईल.