दीर्घत्वाचा कस : ‘डायमंड ज्युबिली’ आणि तिला मिळालेली दाद

एखाद्या कलाकृतीची फार स्तुती झाली की समीक्षेचे काम संपले, असे आपण समजतो. वस्तुतः ते तेथूनच सुरू व्हावयास हवे. ती स्तुती नेमकी कशाची झाली, हे पाहण्यातच त्या कलाकृतीचे हित असते. कॅनडातील पॅट्रिक फ्लेगेल यांनी ‘सिंडी ली’ या नावाने २९ मार्च २०२४ रोजी प्रसृत केलेला ‘डायमंड ज्युबिली’ हा दुहेरी अल्बम अशा तपासणीस पात्र आहे. ३२ रचना, दोन तासांहून किंचित अधिक काळ, आणि गायन-वादनाचा बहुतेक भार एकाच व्यक्तीवर, असा हा खटाटोप आहे.

फ्लेगेल हे नाव इंडी रॉकच्या, म्हणजे बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छायेबाहेर वाढलेल्या संगीताच्या, रसिकांस कॅल्गरी येथील ‘विमेन’ या बँडमुळे परिचित होते. २००८ आणि २०१० साली दोन अल्बम काढून तो बँड मोडला. सिंडी ली ही त्यानंतरची स्त्रीवेषातील भूमिका. बालगंधर्वांची स्मृती जपणाऱ्या आपल्या रसिकांस स्त्रीवेषाचे नवल वाटू नये. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. बालगंधर्वांची भामिनी नाटककाराने घडविलेली होती. येथे ती भूमिकाच गीतांची कर्ती आहे. १९६० च्या सुमाराच्या अमेरिकन तरुणींच्या गायनवृंदांचे आर्त सूर, खरखरीतून येणारी गिटार आणि दुरून ऐकू आल्यासारखा उंच पट्टीतला आवाज हे तिचे साहित्य आहे.

हा अल्बम स्पॉटिफायसारख्या सेवांवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांची एकसंध चित्रफीत, आणि एका जुन्या धाटणीच्या साध्या संकेतस्थळावरून ऐच्छिक मोबदला देऊन उतरवून घ्यावयाच्या फायली, एवढीच सोय होती. तरीही एप्रिलमध्ये ‘पिचफोर्क’ने त्यास दहापैकी ९.१ गुण दिले. २०२० साली फिओना ॲपल यांच्या ‘फेच द बोल्ट कटर्स’ला पूर्ण दहा गुण मिळाल्यानंतर नव्या अल्बमला त्या नियतकालिकाने दिलेले हे सर्वोच्च गुण होते. त्याच वर्षी कॅनडातील पोलारिस पारितोषिकाच्या अंतिम यादीतही या अल्बमची निवड झाली.

या स्वागताचा काळ विसरून चालणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’ हे ‘जीक्यू’ या मासिकात विलीन करण्याचा निर्णय तिच्या मालकांनी जाहीर केला होता आणि तेथील अनेकांची नोकरी गेली होती. संगीतसमीक्षेच्या अस्तित्वाविषयीच शंका घेतली जात असता, जाहिरातीवाचून आलेली एक कृती समीक्षकांच्या शब्दामुळे दूरवर पोहोचली. त्यांचा आनंद आम्ही समजू शकतो. परंतु त्या आनंदात प्रसाराच्या रीतीची प्रशंसा आणि कृतीची प्रशंसा एकमेकींत मिसळून गेली. बाजाराला पाठ दाखविणे हा कलावंताचा बाणेदारपणा खरा. त्याने एक स्वरही अधिक सुरेल होत नाही. निःस्पृह कवीची कविताही आपण कविता म्हणूनच वाचतो.

मग दोन तास कशासाठी? विपुलता हेच या अल्बमचे वैभव, असे म्हणून पुष्कळांनी हा प्रश्न सोडून दिला. आमच्या मते त्याचे उत्तर कृतीच्या आतच आहे. ही गीते परस्परांची आठवण करून देतात. एखादी स्वरावली पूर्वी कोठे तरी ऐकली असे वाटते. ती याच अल्बमात ऐकली की फार वर्षांपूर्वी कोणाच्या घरच्या रेडिओवर, हे उमगत नाही. असा संभ्रम तीन मिनिटांच्या गीतात निर्माण करता येत नाही. श्रोत्याची स्मृती थकावी, सैल पडावी आणि मग तिनेच रचनेत भाग घ्यावा, यासाठी अवधी लागतो. या दृष्टीने पाहता अखंड चित्रफितीलाही कलात्मक अर्थ लाभतो. सुटे गीत वेचून घेण्याची सवय जेथे मोडते, तेथेच हा अल्बम खऱ्या अर्थाने सुरू होतो. प्रसाराच्या रीतीचे समर्थन करावयाचे तर ते या भूमीवर करावे.

तथापि याच कसोटीने उणीवही दिसते. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. येथे संवाद उदंड आहे. विरोध तोकडा पडतो. उत्तरार्धातील ‘गेब्लव्हिजन’ या रचनेत यांत्रिक स्वरांनी वातावरण एकदम पालटते, आणि त्या पालटाने आधीच्या गीतांनाही मागाहून उठाव येतो. असे प्रसंग आणखी असते तर शेवटच्या तासातील काही गीते केवळ आधीच्या गीतांची सावली वाटली नसती. चार-पाच रचना गाळल्याने या अल्बमचे स्वप्न भंगले नसते, असे आम्हांस वाटते.

हे म्हटल्याने त्याची थोरवी उणावत नाही. २०२५ साली तो तबकड्यांच्या रूपानेही उपलब्ध झाला. तीन तबकड्या म्हणजे सहा बाजू. दर बाजूनंतर उठून तबकडी उलटावी लागते. अखंडतेच्या आधाराने उभी असलेली ही कृती त्या खंडांतही तग धरते का, हे प्रत्येक श्रोत्याने स्वतःच्या कानांनी पाहावे. आम्ही धरते असे म्हणू, निदान पहिल्या चार बाजूंपुरते निःशंकपणे. दशांशात मोजलेले गुण हा विवेक करू शकत नाहीत. तो करण्यासाठीच समीक्षकाची गरज असते, मग त्याचे नियतकालिक कोणाच्याही मालकीचे असो.