सिडनी पॉयटियर : एक उडी, एक थप्पड

जानेवारी २०२२ मध्ये सिडनी पॉयटियर ९४ वर्षांचा होऊन गेला, तेव्हा पेपरांतून एकच सूर निघाला : काय संयमी, काय सभ्य माणूस! हा सूर आपल्याला ओळखीचा आहे. आपल्यातला एखादा शिकला, इस्त्रीचे कपडे घालून बोलायला उभा राहिला की हेच सर्टिफिकेट मिळतं. 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!' म्हणून दोस्तहो, या नटाचे पिक्चर जरा तपासू.

'द डिफायंट वन्स', १९५८. एका बेडीत अडकवलेले दोन कैदी पळतात, एक काळा, एक गोरा. बेडी तुटते. काळा चालत्या मालगाडीवर चढतो, मागून पळणाऱ्या गोऱ्याला हात देतो, आणि तो वर येत नाही तर स्वतःच खाली येतो. सुटका गेली, मैत्री राहिली. जेम्स बाल्डविननं नोंदवलंय, की गोरे उदारमतवादी इथं सुखावले, आणि हार्लेमच्या थेटरात लोक ओरडले : खुळ्या, चढ परत गाडीवर! कुठल्याही समीक्षकापेक्षा मला हे पब्लिक शहाणं वाटतं. उडी कुणाच्या समाधानासाठी आहे हे त्यांनी बरोबर हेरलं. आपल्याकडे १९५९ मध्ये बिमल रॉयची 'सुजाता' आली. तिथं अस्पृश्य पोरीनं सवर्ण आईला रक्त दिलं, तेव्हा कुठं ती मुलगी ठरली. हिशेब तोच. आधी द्या, मग माणूस व्हा.

१९६४ मध्ये ऑस्कर मिळालं. प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर घेणारा तो पहिला काळा. पण कशासाठी, तर गोऱ्या नन्सना मजुरी न घेता प्रार्थनाघर बांधून देणाऱ्या कारागिराच्या भूमिकेसाठी!

'गेस हूज कमिंग टू डिनर' (१९६७) म्हणजे कहर. काळ्या-गोऱ्यांचं लग्न १२ जून १९६७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत १६ राज्यांत गुन्हा होता. अशा देशात हे लग्न पडद्यावर आणलं, हे कबूल. पण नवरा कसा, तर जगप्रसिद्ध डॉक्टर. वर तो म्हणतो, पोरीच्या आईबापाची ना असेल तर मी बाजूला होतो. मग हमालानं, ड्रायव्हरनं प्रेम करायचं की नाही?

त्याच वर्षी क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककारानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याला सोलून काढलं. गोऱ्या अमेरिकेला हा एवढा का आवडतो, हा त्याचा सवाल. सवाल खरा. पण सगळा राग नटावर काढणं मला पटत नाही. पटकथा कोण लिहीत होतं? पैसा कुणाचा होता? एकटाच आत घेतला की त्या एकट्याला सगळ्या जमातीचं ओझं वाहावं लागतं.

आणि थप्पड विसरू नका. 'इन द हीट ऑफ द नाइट', तेही १९६७ चंच. कापसाचा मळेवाला डिटेक्टिव्ह टिब्सच्या थोबाडीत मारतो. टिब्स तत्क्षणी परत हाणतो. विचार नाही, भाषण नाही. या पिक्चरचं ऑस्कर गोऱ्या रॉड स्टायगरला गेलं, पॉयटियरला साधं नामांकनसुद्धा नाही.

तो मिसिसिपीत शूटिंगला जायला तयार नव्हता. भित्रा म्हणू नका. ऑगस्ट १९६४ मध्ये हॅरी बेलाफॉन्टेबरोबर चळवळीचे ७०,००० डॉलर घेऊन तो मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेला होता, तेव्हा रात्री क्लानवाल्यांनी त्यांच्या पाठीमागे गाड्या घातल्या होत्या. टोमॅटो पिकवणाऱ्या बहामी शेतकऱ्याचं हे पोर. न्यूयॉर्कात बशा विसळता विसळता पेपर वाचायला शिकलं.

१९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या वर्षी, त्यानं स्वतः दिग्दर्शन केलेला 'बक अँड द प्रीचर' आला. गुलामीतून सुटलेल्या काळ्यांना तो पश्चिमेकडं नेतोय आणि गोरे त्यांना परत मळ्यावर ओढायला मागं लागलेत. त्याच्या हातात बंदूक आहे. तो ती चालवतो.