नॉर्मंडीचे ‘जर’ आणि ‘तर’

आत्याबाईला मिशा फुटवून इतिहासातील ‘जर-तर’ची बोळवण करण्याची आपली रीत आहे. आम्हांस ती रुचत नाही. जे घडले त्याचे मोल, जे घडू शकले असते त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. प्रश्न एवढाच की, कल्पनेला लगाम कोणता?

पीटर त्सूरास यांच्या १९९४ मधील ग्रंथात दोस्तांची नॉर्मंडीवरील स्वारी जर्मन उधळून लावतात. ही कल्पित हकीकत खऱ्या इतिहासग्रंथाच्या वेषात, गंभीर मुद्रेने सांगितली आहे. परंतु या जातीच्या लेखनाची कसोटी वेषात नसून फाटा कोठे फुटतो यात आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवर झाडलेली गोळी कानाजवळून निघून जाते. तेवढ्या केसभर अंतरावर सारी कथा तोलली आहे.

नॉर्मंडीत असे केसभर अंतर शोधावयाचे तर ते आम्हांस रणगाड्यांत नव्हे, आभाळात दिसते. ५ जून १९४४ ची स्वारी खराब हवेमुळे एक दिवस लांबली. ६ जूनला थोडी उघडीप मिळेल हा हवामानतज्ज्ञ स्टॅग यांचा अंदाज आयझेनहॉवर यांनी मानला, आणि त्या एका दिवसात दीड लाखांहून अधिक सैनिक फ्रान्सच्या भूमीवर उतरले. तो मानला नसता, तर भरती-ओहोटीचा पुढचा मेळ १९ जूनच्या सुमारास होता. नेमक्या त्याच दिवशी इंग्लिश खाडीत असे तुफान उठले की, अमेरिकनांनी उभारलेले कृत्रिम बंदर मोडून पडले!

येथून पुढे मात्र पुष्कळ लेखक घसरतात. नॉर्मंडी फसली की हिटलर जिंकला, असे ते धरून चालतात. २२ जूनला रशियनांनी बेलारूसमध्ये सुरू केलेल्या चढाईने जर्मनांची मध्य आघाडी कोसळली. ती काय खाडीतल्या वादळाने अडली असती? कदाचित लाल सेनाच आणखी पश्चिमेस पोहोचली असती. हा विचार ज्या कल्पित इतिहासात नाही, तो आम्हांस सोंगट्यांचा डाव वाटतो.

या विषयावरील उत्तम ‘जर-तर’ लेखन, आमच्या मते, खुद्द आयझेनहॉवर यांचेच आहे. स्वारी फसल्यास प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी चार वाक्यांचे टिपण लिहून ठेवले होते. सैन्य मागे घेतल्याचे सांगताना कर्ता लपविणारी रचना त्यांनी खोडली आणि तेथे ‘मी’ घातला. दोषही एकट्याने पत्करला. तारीख मात्र ५ जूनऐवजी ५ जुलै पडली आहे.