महिनाअखेरचं ताट

ताटाची पारख करायची तर ती पंचवीस तारखेनंतर करावी. पगाराच्या आठवड्यात कुणाच्याही घरी चार पदार्थ होतात. डबे तळाला लागलेत, पुढचा पगार अजून आठवडाभर लांब आहे, अशा वेळी पाच माणसांपुढे दोन्ही वेळा काय येतं, कुठल्या क्रमाने येतं आणि कसं वाढलं जातं, यात करणारीचा हात कळतो. मी लिहिते आहे ते ताट सोलापुरातलं, माझ्या आत्याच्या घरचं. मुलगा यंत्रमागावर, सून घरी विड्या वळते, दोन नातवंडं शाळेत. स्वयंपाकाची आखणी सगळी आत्याची. हे ताट मी लहानपणापासून जेवत आलेय, पण त्यामागचा विचार दिसू लागला तो स्वतःचं घर चालवायला लागल्यावर.

पहिली नजर ताटाच्या डाव्या बाजूला टाकावी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे, ही आपली रीत. सुबत्तेच्या घरात सगळा भार उजव्या बाजूवर असतो आणि डावी बाजू तोंडी लावण्यापुरती. आत्याच्या ताटात महिनाअखेरीला हा तोल हलतो. उजवीकडे एकच कालवण असतं, म्हणून डावीकडे ती जास्त जीव ओतते. तिची शेंगाचटणीच घ्या. दाणे मंद आचेवर भाजायचे, घाई केली की वरून डाग आणि आत कच्चे. सालं ढोबळ पाखडायची. मग लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटायचं. मिक्सरमध्ये दाण्याची भुकटी होते. उखळात तो दाबला जातो आणि स्वतःचं तेल सोडतो. दाण्यात चाळीस टक्क्यांहून जास्त तेल असतंच, ते बाहेर काढायला फक्त मनगट लागतं. चटणी ओलसर होते, बोटांत धरली की तिची गोळी होते, भाकरीच्या तुकड्याला चिकटून राहते. एरवी कोरड्या चटणीवर आपण चमचाभर तेल ओततो. तो चमचा इथे वाचला, आणि चटणी खाताना मात्र ती तेल घातल्यापेक्षा खमंग लागते. काटकसर चवीच्या आत अशी मुरवलेली मी दुसरीकडे क्वचित पाहिली.

दोडका आणला की त्याच्या शिरा तासून बाजूला ठेवलेल्या असतात. तव्यावर तेलाचे दोन-चार थेंब, त्यावर शिरा, आणि त्या कुरकुरीत होईपर्यंत धीर. शेवटी तीळ, मीठ, चिमूटभर तिखट. ही चटणी पुष्कळ घरांत होते. आत्याची खुबी अशी की ही चटणी ती त्याच जेवणात वाढत नाही. दोडक्याची भाजी दुपारी, शिरांची चटणी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. एकाच फळाचं आतलं आणि बाहेरचं समोरासमोर आलं तर खाणाऱ्याला त्यात ओढाताण दिसते; वेगळ्या वेळी आलं की दोन्ही पदार्थ आपापल्या मानाने बसतात.

आता आमटी. तूरडाळीच्या डब्यात एक जुनी स्टीलची वाटी कायमची ठेवलेली आहे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजवलं, आत्याकडे तीच वाटी हिशेबाची वहीसुद्धा आहे. पाच माणसांना एका वेळेला एक वाटी, तीही शिगेची नाही. एवढ्या डाळीची पाच जणांना पुरेल अशी आमटी केली तर तिचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: डाळ खाली बसते, पाणी वर तरंगतं आणि पळी घातली की घरची परिस्थिती भांड्यातच दिसते. इथे येसर कामाला येतो. ज्वारी, गहू, हरभराडाळ भाजून धने-जिरं आणि मसाल्यांबरोबर दळलेलं हे पीठ सोलापूर-मराठवाड्यात घरोघरी असतं. दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून उकळत्या आमटीत सोडला की धान्यातला स्टार्च फुलतो आणि डाळीचे कण धरून ठेवतो. पाणी आणि डाळ एकजीव होतात, आमटीला अंग येतं, शिवाय भाजल्या धान्याचा एक खरपूस वास, जो नुसत्या डाळीला कधीच येत नाही. गार पाणी विसरायचं नाही. कोरडा येसर थेट आधणात टाकला की गुठळ्या झाल्याच.

पण आमटीचा खरा कळस फोडणीत आहे. तेल एकच चमचा. बहुतेक जण ते आधी तापवतात, त्यात कांदा-लसूण परततात, वर डाळ ओततात, आणि ते तेल सगळ्या आमटीत विरून जातं. आत्या आमटी पूर्ण शिजवून घेते, भांडं उतरवते आणि मग कढलं चढवते. मोहरी तडतडली, जिरं फुललं, ठेचलेला लसूण कडेने तांबूस झाला की कढलं आचेवरून खाली. आता काळं तिखट. आचेवर असताना घातलं तर ते क्षणात जळून कडू होतं. खाली घेतल्यावर नुसत्या तेलाच्या धगीत ते फुलतं आणि रंग सोडतं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगला उतरतो. मग ते आमटीवर ओतायचं, चर्र आवाज होतो न होतो तोच झाकण. ढवळायचं नाही. वाढताना पळी तवंगासकट वरून घ्यायची. ओठाला पहिल्यांदा लागतो तो तो तवंग, नाकाला पहिल्यांदा भिडतो तो त्याचा वास, आणि खाणारा पहिल्या घासालाच समाधान पावतो. महागाची वस्तू सगळीकडे पसरायची नाही, शेवटी आणि एकाच जागी ठेवायची, ही तिच्या सगळ्या स्वयंपाकाची किल्ली आहे. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत शिजतात, पानं वर पडतात. लिंबू ती मधला बियांचा दांडा सोडून कडेकडेने कापते. फोडी पातळ पण बिनबियांच्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळता येणाऱ्या, आणि त्या पालेभाजीच्या दिवशी हमखास असतात. लिंबाच्या आंबटाने पाल्यातलं लोह अंगी लागतं, हे शास्त्र तिने वाचलेलं नाही. ताटाने ते पाळलेलं आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. त्या दिवसांत तिने वाटी तीच ठेवली आणि निम्मी तूर, निम्मी मसूर घातली. मसूर लवकर शिजते, विरघळते, स्वतःची चव फार पुढे करत नाही; चव तुरीची राहते आणि दाटपणा मसुरीचा. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

भाकरीबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख लागेल, म्हणून एवढंच. रेशनवर प्राधान्य कार्डाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ च्या जानेवारीपासून मोफत. म्हणजे माणशी दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. कष्टाच्या घरात ते पुरत नाही. उरलेली जागा ज्वारी भरून काढते, आणि ती शक्यतो मालदांडी. आत्या एका वेळी तीन-चार दिवसांचंच पीठ दळून आणते, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. तरीही शेवटच्या दिवसाचं पीठ थोडं उतरलेलं असतंच. त्या दिवशी ती गार पाण्याऐवजी उकळतं पाणी घालून पीठ मळते आणि गेलेली विरी परत आणते. चार दिवसांच्या भाकरी शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुठल्या दिवसाची हे मला अजून ओळखता आलेलं नाही.

सगळ्यात रस घेऊन पाहावा तो आठवड्याचा क्रम. बाजार मंगळवारचा, तोही दिवेलागणीला, विकणारे उरलेल्या पाल्याचे वाटे लावू लागतात तेव्हा. घरी आलं की काय आधी खराब होईल यावरून क्रम लागतो. पालेभाजी त्याच रात्री. चाकवत असेल तर ताक लावून पातळ, अंबाडी असेल तर ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, दोन्हींत मूठभर चणाडाळ आणि दाणे, म्हणजे भाजीला दाताखाली काहीतरी येतं. बुधवारी दोडका किंवा वांगी. झाकणावर पाणी ठेवून शिजवलेली, म्हणजे आतली वाफ झाकणाला लागून परत भाजीवरच पडते आणि तेलाची धार लागत नाही. वरचं पाणी तापलं की तेच भाजीत. भोपळा आणि कांदे टिकतात, ते आठवड्याच्या शेपटाला.

बुधवारी रात्री एक वाटी मटकी भिजते, गुरुवारी फडक्यात बांधली जाते, शुक्रवारी मोड आलेली अडीच-तीन वाट्या भरते. ती उकडली की पाणी फेकायचं नाही. मटकी परतून कोरडी उसळ होते, ती मुलाच्या डब्यात आणि नातवंडांच्या ताटात. उकडलेलं पाणी म्हणजे कळण. त्याला रात्री लसणाची फोडणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, आणि भाताबरोबर ते वाटीत येतं. सकाळी कोरडं आणि दाताखाली येणारं, रात्री पातळ आणि आंबटगोड. दोन्ही एकाच वाटीतून निघाले आहेत हे चवीवरून सांगता येत नाही. आठवडाभर हेच चाललेलं असतं: पातळानंतर कोरडं, मऊनंतर खरपूस, आंबटानंतर तिखट. पदार्थ थोडे आहेत, पण लागोपाठचे दोन घास कधी एका जातीचे नसतात.

शनिवारी शेंगोळी. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण हा पदार्थ जवळजवळ शून्यातून उभा राहतो. भाजी नाही, डाळ नाही, खोबरं नाही. हुलग्याचं पीठ, त्यात थोडं ज्वारीचं, लसूण, तिखट, मीठ. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. कमी पावसात, हलक्या रानात येणारं कडधान्य. पीठ घट्ट मळायचं, तळहातांवर तेलाचं बोट फिरवून त्याच्या बोटभर लांब वळ्या करायच्या आणि टोकं जुळवून कडी करायची. बाजूला फोडणीच्या पाण्याला आधण. शेंगोळी एकेक करून सोडायची, आणि ती वर येईपर्यंत पळी लावायची नाही, लावली की मोडतात. शिजताना ती आपलं थोडं पीठ पाण्यात सोडतात आणि ज्या पाण्यात शिजतात त्याचाच रस्सा करून टाकतात. परातीला चिकटलेलं पीठ आत्या पाण्याने धुऊन घेते आणि ते पांढुरकं धुवण शेवटी त्यातच ओततो तिचा हात, इतक्या सहज की लक्ष नसेल तर दिसत नाही. त्याने रश्श्याला शेवटची दाटी येते आणि परातही निघते. गरम शेंगोळं फोडलं की आत मऊ, कडेला घट्ट, आणि रस्सा हुलग्याच्या त्या किंचित तुरट, मातकट चवीचा. मला पक्वान्नांच्या पंगतीत बसवून विचारलं तरी मी हे मागून घेईन.

रविवारी अंडी. तीन अंडी, पाच माणसं. उकडून अर्धी अर्धी वाढली तर वाटणी डोळ्यांत येते, आणि तीन अंड्यांची सहा अर्धी होऊन एक उरतंही, ज्यावर मुलांची भांडणं. ती अंडी फेटते, त्यात बारीक कांदा, दोन चमचे बेसन, तव्यावर जाड पोळी घालते, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापते आणि रश्श्यात सोडते. तुकडे रस्सा पितात, फुगतात, प्रत्येकाच्या वाटीत चार-पाच येतात.

वाढण्यातही योजना आहे. चटणी, लिंबू, कांदा आधी सगळ्यांच्या ताटात, मग भाकरी, ती तव्यावरून एकेक, कालवण शेवटी. भाकरी एकेक येते म्हणून गरम मिळते, आणि माणूस घासाघासात थांबतो. राहिलेल्या भाकऱ्या दुसऱ्या सकाळी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतल्या जातात, वर ताकाचा हबका मारून झाकण, म्हणजे कोरडेपणा जातो. ही भाकरी चुकून उरत नाही. शाळेच्या दिवशी सकाळची न्याहारी हवी म्हणून आदल्या रात्री दोन जास्त थापलेल्या असतात.

आणि या आठवड्याची तयारी त्या आठवड्यात होत नाही. उन्हाळ्यात मिरची, चिंच, हुलगे, लसूण स्वस्त असतात तेव्हा भिशीचे पैसे घेऊन वर्षाची बेगमी होते. काळं तिखट आणि येसर तेव्हाच कांडून-दळून बरण्यांत. सांडगेही तेव्हाचे. भिजवलेल्या मिश्र डाळी जाडसर वाटून, लसूण-मिरची घालून गच्चीवर कडक उन्हात वाळवलेले. श्रावणात भाज्या कडाडतात तेव्हा ते बाहेर येतात. चमचाभर तेलात तांबूस परतायचे, मग निम्मे खलबत्त्यात भरड ठेचायचे आणि निम्मे अख्खे ठेवायचे. ठेचलेले शिजताना विरघळून रश्शाला दाट करतात, अख्खे फुगून दाताखाली येतात. सगळेच ठेचले तर पिठलं होतं, सगळेच अख्खे ठेवले तर खाली पाणी आणि वर गोटे. निम्म्याचं हे प्रमाण तिने किती तरी श्रावण करून बसवलं असेल. आता ती मोजत नाही, मूठ बरोबर निम्म्यावर थांबते.