शस्त्रविषयक कायद्यांची तुलना : एक परीक्षण

निरनिराळ्या राज्यांतील शस्त्रविषयक कायद्यांची तुलना करून त्यावरून त्या त्या राज्याचा स्वभाव ठरविण्याची रीत आपल्या इतिहासलेखनांत बरीच जुनी आहे. पेशवाईंत ज्याला पाहिजे तो तलवार बांधीत असे. इंग्रजानें १८७८ त कायदा करून आम्हांस निःशस्त्र केलें. त्याच इंग्रजाच्या स्वतःच्या देशांत व अमेरिकेंत मात्र शस्त्र बाळगणें हा प्रजेचा हक्क होता, अशीं तीन विधानें एकापुढें एक मांडलीं कीं निष्कर्ष आपोआप निघतो. या तीनही विधानांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तीं इतके दिवस तपासल्यावांचून चाललीं. आमचें म्हणणें असें कीं, ही तुलना कायद्यांतील मनाईच्या कलमांवरून केली जाते. ती अपवादाच्या कलमांवरून आणि हद्दीवरून करावयास पाहिजे. तशी केली असतां निष्कर्ष पुष्कळच बदलतो, आणि जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस तर तो आजही बाधतो.

परीक्षेसाठीं आम्हीं ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील गणेशपुरी हा गांव घेतला आहे. ऊन पाण्याचीं कुंडें व तेथील समाधिमंदिर यांमुळें हा गांव यात्रेकरूंस ठाऊक आहे. कायद्याच्या इतिहासांत त्यास कांहीं स्थान असेल असें कोणाच्या मनांत यावयाचें नाहीं. परंतु त्याची जागा पाहावी. पश्चिमेस वसईप्रांत, जो १७३९ पर्यंत फिरंग्यांचा होता. दक्षिणेस कल्याण-भिवंडी, जें १६५७ त शिवाजी महाराजांनीं विजापूरकरांपासून घेतलें व ज्यावर पुढें मराठे आणि मोंगल यांचा आलटून पालटून अंमल झाला. उत्तरेस वाड्याचा मुलूख ओलांडला कीं १९४८ पर्यंत मुकण्यांच्या जव्हार संस्थानची हद्द लागे, आणि त्याच्याही पलीकडे नगरहवेली, जी १७८३ त मराठ्यांनीं पोर्तुगीजांस लावून दिली व १९५४ त त्यांच्या हातून सुटली. खुद्द गणेशपुरीचा प्रदेश १८१७-१८ पासून इंग्रजी मुलखांत. म्हणजे खांद्यावर बंदूक टाकून निघालेला मनुष्य थोड्या मुक्कामांत तीन सरकारांच्या अमलांतून जाऊं शकत होता. अशा जागीं कायद्याचा शब्द व कायद्याचा अंमल यांतील अंतर जितकें उघड दिसतें, तितकें पुण्या-मुंबईस बसून दिसत नाहीं.

प्रथम स्वराज्याकडे वळूं. ‘ज्याला पाहिजे तो शस्त्र बांधी’ हें विधान शिपाईपेशाच्या लोकांपुरतें खरें आहे. पण त्यावरून राज्यास खाजगी बळाची फिकीर नव्हती असें ठरत नाहीं. सभासदानें आपल्या बखरींत वतनदारांची हकीकत दिली आहे ती या दृष्टीनें वाचावी. देशमुख-देशपांड्यांनीं वाडे, हुडे व कोट बांधून, हशम व बंदुकी बाळगून मुलूख दाबला होता. महाराजांनीं ते कोट पाडविले आणि वतनदारांनीं इतर रयतेप्रमाणें साधीं घरें बांधून राहावें असें ठरविलें. येथें निर्बंध हत्याराला बाधला नाहीं. तो तटाला बाधला. हत्यार माणसाबरोबर हिंडतें, त्याला किती ठिकाणीं अडवावें? तट मात्र जागचा हालत नाहीं, आणि त्यावांचून वतनदाराच्या दहा-वीस बंदुकांस विशेष किंमत नाहीं. पेशवाईंत हा निर्बंध ढिला पडला, याची साक्ष गांवोगांवच्या पडक्या गढ्या देतात. (गणेशपुरीजवळच वज्रेश्वरीचें देऊळ आहे. वसईच्या मोहिमेच्या वेळीं चिमाजी आप्पांनीं नवस केला व पुढें तें बांधविलें अशी परंपरा आहे. त्या देवळास किल्ल्याच्या धर्तीचा तट आहे. वतनदारास जो तट मना, तो देवीस मिळाला !) आज्ञापत्रांतही टोपीकरांचें बळ आरमारांत व दारूगोळ्यांत आहे हें ओळखून उपाय सुचविला आहे तो जागेचाच : त्यांस किनाऱ्यावर मजबूत ठाणें करूं देऊं नये. तेव्हां ज्याला आम्ही ‘शस्त्रांचें स्वातंत्र्य’ म्हणतों तें वास्तविक दुसऱ्या जातीचें नियमन होतें.

फिरंग्यांच्या हद्दींत नियमनाची तऱ्हा आणखी वेगळी. तेथें पाहावयाचा तो धर्म आणि चाकरी. मुसलमान राज्यांस शस्त्रें पुरविणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्मबहिष्काराची शिक्षा रोमच्या पोपांच्या आज्ञापत्रांतून सांगितलेली होती. उलट वसईप्रांतांत ज्यांस गांव लावून दिले, त्यांच्यावर घोडा बाळगून राजाच्या चाकरीस हजर होण्याची अट असे. सिमाँव बोतेल्यु याच्या १५५४ च्या नोंदवहींत हा जमिनीचा व्यवहार पाहावयास मिळतो. एकाच हद्दींत एकास शस्त्र विकणें पाप, व दुसऱ्यास तें न बाळगणें कसूर ! यास ‘शस्त्रबंदी’ म्हणावें कीं ‘शस्त्रसक्ती’? मे १७३९ त वसई पडली तेव्हां तहाच्या पहिल्याच कलमानें किल्ल्यांतील शिबंदीस हत्यारांनिशीं, नगारे वाजवीत व निशाणें फडकावीत बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली, चार तोफा व दोन उखळी तोफा यांसह. शस्त्रहक्काचें आमच्या या भागांतील हें एक उत्कृष्ट लेखी साधन होय. पण लढाईच्या इतिहासांत त्याची गणना झाल्यामुळें कायद्याच्या इतिहासकारांनीं त्याकडे पाहिलें नाहीं.

आतां इंग्रजी अमलाकडे. १८७८ च्या कायद्यानें निःशस्त्रीकरण झालें हें विधान कालदृष्ट्या चूक आहे. त्यापूर्वीं १८५७ चा २८ वा आणि १८६० चा ३१ वा असे दोन कायदे होऊन गेले होते, व त्यांचा अंमल आपल्याकडे कसा झाला याचें ठळक उदाहरण मुधोळ संस्थानांतील हलगली हें आहे. हा गांव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतो. नोव्हेंबर १८५७ त तेथील बेरडांनीं हत्यारें देण्याचें नाकारलें. इंग्रजी फौज चालून गेली, गांव उध्वस्त झाला आणि १९ जणांस फांशी देण्यांत आलें. आतां मुधोळ हें घोरपड्यांचें संस्थान. तें इंग्रजी मुलूख नव्हे. कायद्याच्या शब्दाप्रमाणें त्याची हद्द संस्थानच्या सीमेशीं संपावयास पाहिजे होती. ती संपली नाहीं. जे लेखक १८७८ चें साल धरून बसतात त्यांच्या हातून हलगली सुटतें, आणि हलगली सुटलें कीं या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटते : कागदावरची हद्द आणि सार्वभौम सत्तेची हद्द या दोन निराळ्या होत्या. जव्हारकरास आपल्या मुलखांत स्वतःचा नियम चालवितां येई असें मानलें, तरी बंदूक व दारू बाहेरून यावयाची ती इंग्रजी हद्दींतून, आणि ती वाट १८७८ च्या कायद्यानें परवान्याखालीं आणली होती.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील हा १८७८ चा ११ वा कायदा मुळांतून वाचणारे थोडे. त्यांतील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येंत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांबरोबर धनुष्य-बाणही आहेत. परंतु घरीं बाळगण्यास परवाना पाहिजे असें १४ वें कलम सांगतें तें तोफा, बंदुका व दारूगोळा यांपुरतें. शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारें १३ वें कलम मात्र सर्व शस्त्रांस लागू. नुसता शब्द धरला तर गणेशपुरीच्या रानांतील वारल्याचा किंवा कातकऱ्याचा तीरकमठा खोपटांत असेपर्यंत निर्दोष आणि खोपटाबाहेर पडतांच सदोष ठरतो. असा अर्थ किती जागीं अमलांत आला हें ठरावयाचें तें २७ व्या कलमावरून; कारण त्या कलमानें कोणत्याही मनुष्यास, वर्गास किंवा हत्यारास कायद्यांतून वगळण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारास दिला. आणि खरी मेख येथेंच आहे. युरोपियनांस परवाना नको व हिंदी माणसास पाहिजे, हा जो भेद लोकांस सलत होता, तो कायद्याच्या अंगांत शोधून सांपडत नाहीं. तो या कलमाखालीं निघालेल्या नियमांत व याद्यांत आहे. केवळ कायदा छापून त्यावर टीका लिहिणाऱ्यास तो निःपक्षपाती वाटेल ! १८८७ च्या मद्रासच्या राष्ट्रसभेनें या कायद्याविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें; १९२० च्या नियमांनीं वर्णभेदाची ती यादी बदलली. कायदा मात्र तोच राहिला, १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजीं अमलांत येईपर्यंत.

इंग्लंड-अमेरिकेविषयीं थोडक्यांत. इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कपत्रांत शस्त्राची मोकळीक आहे ती प्रॉटेस्टंट प्रजेस, त्यांच्या योग्यतेनुसार व कायदा देईल तितकी. अमेरिकेची १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती तितकी मोजून मापून लिहिलेली नाहीं, आणि म्हणूनच तिच्या अर्थाचा वाद २००८ त तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें चालला. १८७८ च्या सुमारास इंग्लंडांतला मनुष्य टपालकचेरींत दहा शिलिंग भरून बंदुकीचा परवाना घेई, कारण १८७० चा तेथील कायदा कराचा होता. येथें तोच कागद मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर मिळे. ही तुलना खरोखर बोचणारी आहे. पण ती १९२० नंतरच्या काळास लावूं नये, कारण त्या सालीं इंग्लंडांतही पोलिसांच्या दाखल्यावांचून रायफल किंवा पिस्तूल बाळगण्याची सोय उरली नाहीं. तुलनेंत दोन्ही बाजूंचें साल एकच असावें, ही साधी शिस्त आमच्या लेखकांनीं पाळलेली नाहीं. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला होता, अर्थात् नियमांस अधीन ठेवून. पुढें राज्यघटनेंत शस्त्र हा शब्द आला तो सभा भरविण्याच्या हक्कास ‘शस्त्रावांचून’ ही अट जोडण्यासाठीं, आणि शिखांच्या कृपाणाची सूट २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत बसली. कोडगूंतील कोडव व जम्मा जमिनीचे धारक यांची १८६१ पासूनची माफी तर अजून चालू असून २०१९ त ती आणखी दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली. अपवादांचें आयुष्य मनाईपेक्षां दीर्घ असतें याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

संग्राहकांचा प्रश्न याच अपवादांत अडकलेला आहे. जुन्या घराण्याचा रुमाल सोडला तर त्यांत शिलेखान्याची यादी निघते. वाड्याच्या माळ्यावर त्या यादींतली एखादी तोड्याची बंदूक निघते, तिच्या नळीवर कारागिराचा किंवा कारखान्याचा लेख असतो. दप्तर जपलें जातें. बंदूक पोलिसांच्या भीतीनें नदींत गेली अशा गोष्टी कानावर येतात. वास्तविक १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानें कालबाह्य घाटणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें, किंवा नादुरुस्त आणि दुरुस्तीनेंही बंदूक म्हणून न चालणारें हत्यार कायद्याबाहेर ठेवलें आहे. आतां यांतील ‘न चालणारें’ हें विशेषण शेवटच्याच प्रकारास लागतें कीं तिन्हींस? मूळ इंग्रजी वाक्यांत स्वल्पविराम नाहीं, त्यामुळें दोन्ही अन्वय लागूं शकतात. पहिल्या अन्वयानें ठासणीची जुनी बंदूक तिच्या वयामुळेंच सुटते. दुसऱ्यानें ती सुटण्यासाठीं निकामी असली पाहिजे, आणि मग मालक ती निकामी करून ठेवण्याच्या मागें लागणार. पोथीच्या पाठांत एका विरामावरून आपण किती पानें खर्च करतों ! येथें एका विरामावर वस्तूच्या नाशाचा प्रश्न आहे.

इतर देशांनीं हा पेंच वेगवेगळ्या रीतींनीं सोडविला आहे. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें साल धरलें : १८९८ किंवा त्यापूर्वीं घडलेली बंदूक ही पुराणवस्तु. इंग्लंडांत हेतु पाहतात. जुनें हत्यार केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तु म्हणून ठेवलें असलें पाहिजे. जपानांत तर १५८८ च्या हिदेयोशीच्या तलवार-जप्तीपासून हत्यारांवर कडक नजर. पण कलामूल्याची तलवार किंवा तोड्याची बंदूक तेथें प्रांताच्या शिक्षणमंडळाकडे नोंदली जाते, आणि ती नोंद वस्तूची असते. मालक बदलला तरी दाखला वस्तूबरोबर जातो. आम्हांस ही शेवटची रीत सर्वांत चांगली वाटते. तींत विद्वानास सूची मिळते आणि सरकारास हिशेब.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्यें नियमांत दुरुस्ती होऊन ‘क्युरिओ’ या वर्गांत मोडणारीं लहान अग्निशस्त्रें भारतीय नागरिकास विनापरवाना मिळविण्यास व बाळगण्यास मोकळीक झाली आहे. ही सूट देखील कायद्यांत नसून नियमांत आहे, हें १८७८ चा इतिहास वाचलेल्यांच्या ध्यानांत येईलच. पण तेंच शस्त्र वापरण्यास किंवा वाहून नेण्यास योग्य तो परवाना लागतो. म्हणजे वारल्याच्या तीरकमठ्यासारखी ही बंदूकही घरांत निर्दोष आणि वाटेवर सदोष झाली. गणेशपुरी-वज्रेश्वरीकडील एखाद्या घरीं असें हत्यार आढळल्यास तें तपासणीसाठीं उचलून आणण्याच्या भरीस कोणी पडूं नये. नळीवरील लेखाचा ठसा जागच्या जागीं घ्यावा, नळीची लांबी, तोंडाचा व्यास, कानाची व तोड्याच्या चापाची घडण टिपावी, चारही बाजूंचीं छायाचित्रें काढावीं, आणि घरांत शिलेखान्याची यादी असल्यास त्या हत्याराची ओळ शोधून तिची नक्कल ठशासोबत जोडावी.