पाण्याला आत घेणारं घड्याळ

फेवर-ल्यूबा हे नाव ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या घरांना परकं नाही. डोंबिवलीहून लोकलने व्हीटी गाठणाऱ्या कितीतरी मनगटांवर याच कंपनीचं ‘सी चीफ’ घड्याळ असायचं. लग्नात मिळालेलं, रोज सकाळी चावी दिलेलं. नावात समुद्र होता, पण पाऊस आला की ते रुमालात गुंडाळून खिशात जायचं. त्याच घराण्याचं १९६८चं ‘बॅथी’ मात्र खरोखर समुद्रासाठी जन्मलं. घड्याळं घडवण्याच्या कलेतलं इतकं धीट काम मला दुसरं ठाऊक नाही.

१९४३ साली जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ‘ॲक्वालंग’ घडवलं आणि माणूस पाठीवर हवा घेऊन पाण्याखाली मोकळा हिंडू लागला. पण दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो, श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. म्हणून किती वेळ आणि किती खोल, हा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. बॅथीने यांत्रिक मनगटी घड्याळात प्रथमच दोन्ही एका तबकडीवर आणलं.

कसं आणलं, तिथे जरा रेंगाळावं. पाणबुड्याच्या घड्याळाचा सगळा अभिमान पाणी बाहेर ठेवण्यात. बॅथीच्या पाठीला मात्र मुद्दाम छिद्रं आहेत. पाणी आत शिरतं, धातूच्या पातळ पडद्याला रेटतं आणि तो रेटा काट्यापर्यंत पोहोचतो. पडद्यापलीकडचं यंत्र कोरडंच राहतं. वेळेचे काटे स्प्रिंग फिरवते, खोलीचा काटा खुद्द समुद्र! आणि ‘बॅथी ५०’ हे नावच आपली मर्यादा सांगून टाकतं: ५० मीटर. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो.

आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने पुढे कुस्तोच्या गौरवार्थ उंची क्रोनोग्राफ काढले, पाठीवर त्याचा चेहरा कोरला. सुंदरच आहेत ते. तरी बॅथीच्या पाठीवरची छिद्रं मला त्याहून मोठा मान वाटतात. समुद्र समजून घ्यायला आयुष्य वेचलेल्या माणसाला याहून जवळचं काय असेल?

२०११ मध्ये टायटनने फेवर-ल्यूबा विकत घेतली. पुढे ‘बॅथी १२०’ आलं. पाण्याला आत घेण्याची युक्ती तीच, शिवाय त्या बुडीत गाठलेली सर्वांत जास्त खोली लक्षात ठेवणारा एक वेगळा काटा.