बेनला कुणी काही विचारतच नाही

‘द सोशल डायलेमा’ नेटफ्लिक्सवर आला सप्टेंबर २०२०मध्ये. कॉलेजं बंद होती, सगळे घरात होते, आणि ज्या फोनपासून सावध राहा असं हा माहितीपट सांगत होता, त्याच फोनवर आपल्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण ‘मोबाइलने तरुणांची विचारशक्ती मारली’ या विषयावर कुणी बोलायला लागलं की गाडी दोन मिनिटांत तिथेच येते. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर तर हमखास. मी पुण्यात एका किराणा घरपोच देणाऱ्या अ‍ॅपसाठी काम करतो. तुम्ही पोहे घेतले की खाली शेंगदाणे दाखवायचे, हे ठरवणाऱ्या टीममध्ये. म्हणजे माहितीपटातल्या खलनायकाचा मी लांबचा, गरीब नातेवाईक. त्यामुळे लोक मला विचारतात, ‘खरंच असं असतं का रे?’

माझं उत्तर असं, की यंत्राबद्दल हा माहितीपट बरंचसं खरं बोलतो. तरुण माणसाबद्दल मात्र त्याची समज फार तोकडी आहे.

जेफ ऑर्लोव्स्की यांचा हा ९४ मिनिटांचा माहितीपट दोन धाग्यांचा आहे. एका धाग्यात सिलिकॉन व्हॅलीतून बाहेर पडलेली माणसं बोलतात. गूगलमध्ये डिझाइनच्या नैतिकतेवर काम केलेला ट्रिस्टन हॅरिस, खाली सरकवत राहिलं तरी न संपणारी स्क्रीन ज्याने बनवली तो अझा रॅस्किन, फेसबुकच्या लाइक बटणामागच्या लोकांपैकी एक जस्टिन रोझेनस्टाइन. दुसऱ्या धाग्यात एक रचलेली गोष्ट आहे. बेन नावाचा अमेरिकन शाळकरी मुलगा आणि त्याचं कुटुंब. बेन आठवडाभर फोनला हात लावणार नाही अशी पैज घेतो, आणि एका अंधाऱ्या कंट्रोल रूममध्ये बसलेली तीन माणसं (तिन्ही भूमिका एकाच नटाच्या, व्हिन्सेंट कार्थायझरच्या) त्याला परत ओढून आणतात. ती तीन माणसं म्हणजे अल्गोरिदम. शेवटी बेन ‘एक्स्ट्रीम सेंटर’ नावाच्या कुठल्याशा राजकीय गटाचे व्हिडिओ बघत बघत त्यांच्या सभेत पोचतो आणि पोलिसांच्या तावडीत सापडतो.

मुलाखतींचा धागा चांगला आहे. पुस्तकाचं पान संपतं, पेपर संपतो, सातच्या बातम्या साडेसातला संपायच्या. संपणं ही एक सोय होती. तिथे माणूस मान वर करायचा, चहा टाकायचा, ‘हे काही पटलं नाही’ असं शेजारच्याला म्हणायचा. ही जागाच डिझाइनमधून काढून टाकली, आणि ते कुणीतरी बसून, मोजून केलं, हे इतक्या सोप्या भाषेत आधी कुणी आपल्याला सांगितलं नव्हतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण ती कंट्रोल रूम! आम्ही जे मॉडेल चालवतो ते प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा लिहितं: हा माणूस यावर बोट ठेवेल याची शक्यता किती. मग आकड्यांच्या उतरत्या क्रमाने रांग लावतं. शंभरातल्या तीन-चार जणांनी बोट ठेवलं तरी आमच्याकडे पेढे वाटायची वेळ येते. म्हणजे उरलेल्या शहाण्णव जणांबाबत अंदाज चुकलेलाच असतो. मोठ्या कंपन्यांची यंत्रं आमच्यापेक्षा कितीतरी तल्लख आहेत, मान्य. पण तीही असा आकडाच काढतात. बेनच्या मनात काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. चुका करत करत, कोट्यवधी लोकांवर, दिवसातून अनेकदा प्रयोग केल्यामुळे त्यांना बळ येतं.

‘आम्ही तुमच्या मनात हवा तो विचार पेरू शकतो’ हा दावा मुळात या कंपन्याच जाहिरातदारांपुढे करत असतात. त्यावरच त्यांचा धंदा उभा आहे. माहितीपट तोच दावा जसाच्या तसा उचलतो आणि त्याला फक्त भीतीदायक संगीत लावतो. इंजिनिअरला हे ऐकायला आवडतं, कारण त्यात तो देव तरी असतो नाही तर राक्षस. बेन मात्र दोन्ही वेळा बाहुलीच. त्याला मत होतं का, ते कशावरून झालं होतं, घरात कुणी त्याच्याशी त्यावर भांडलं का? माहितीपटाला यात रस नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या झुंडबळींचा उल्लेख या माहितीपटात बातमीच्या एका तुकड्यापुरता येऊन जातो. आपल्यासाठी तो तुकडा एवढा छोटा नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. जमावाने या पाचजणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच मारून टाकलं. मारहाणीचे व्हिडिओ काढले गेले. तेही फिरले.

माहितीपटाचा सिद्धांत इथे लावून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने दिसतात. कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारं मॉडेल तिथे नव्हतं, न संपणारी फीड नव्हती, लाइक नव्हते. मजकूर कूटबद्ध असल्याने तो कंपनीलाही वाचता येत नव्हता. त्या तीन माणसांची कंट्रोल रूमच तिथे नव्हती. होती ती ओळखीची माणसं. मामा, वर्गमित्र, गावातला दुकानदार. मेसेज खरा वाटला तो पाठवणाऱ्याच्या नावामुळे, आणि बळी गेले ते अशा समाजाचे, ज्याच्याकडे आपण अफवेच्या आधीपासूनच संशयाने बघत आलोय. भटक्या माणसाला चोर समजणं आपल्याला कुठल्याही अ‍ॅपने शिकवलेलं नाही.

डिझाइनचा काहीच दोष नव्हता असं मात्र नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. एप्रिल २०२०मध्ये, आधीच खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच सांगितलं. बदल केवढा? एका आकड्याचा. प्रोग्रॅमर म्हणून मला याचा राग येतो. हे आधी करता आलं असतं. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिषदा भरवायची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट या अमेरिकन घरात दिसत नाही. तिथे मुलं फोनमध्ये अडकलेली आणि आई त्यांना सोडवायला धडपडणारी. जेवताना ती सगळ्यांचे फोन एका डब्यात कुलूपबंद करते, धाकटी मुलगी तो डबाच फोडते. आपल्या घरांत प्रवाह बऱ्याचदा उलटा वाहतो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी इतिहासाचे, औषधांचे, धर्माचे फॉरवर्ड टाकणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत. ग्रुपवरच्या आम्हा दहा-बारा भावंडांना त्यातलं निम्मं खोटं आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. एकदा माझ्या चुलतभावाने काकांच्या एका फॉरवर्डखाली तो खोटा असल्याची लिंक टाकली. काकांनी उत्तर दिलं नाही. आत्याने दिलं: ‘बाळा, मोठ्यांशी असं चारचौघांत बोलतात का?’ त्यानंतर तो ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक टाकतो.

या मुलाची विचारशक्ती कुणी चोरली? त्याला विचार करता येतो. त्याने तो केला. बोलूनही दाखवला. मग त्याला कळलं, की त्याची इथे कुणालाच गरज नाही. तरुणांच्या ‘स्वतंत्र विचारां’वर चिंता करणाऱ्या लेखांत आणि माहितीपटांत मला हा मुलगा कधी भेटत नाही. विचार ही डोक्यात साठवायची वस्तू आहे आणि मीडिया ती पळवतो, असं त्यांचं चित्र असतं. मला वाटतं विचार उत्तरासारखा असतो. कुणीतरी प्रश्न विचारल्यावर आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबल्यावर तो तयार होतो. बेनला त्या ९४ मिनिटांत ‘फोन ठेव’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारं कुणी दिसत नाही.

याची उलट बाजू मी पाहिली आहे, तीही याच मीडियामुळे. २०१५ साली मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. मार्चमध्ये ट्रायने इंटरनेट सेवांवर नियंत्रण असावं का याविषयी एक चर्चापत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न, भाषा अशी की प्राध्यापकांनाही झोप यावी. एप्रिलमध्ये एआयबी या विनोदी ग्रुपने त्यावर नऊ-दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. शिव्या, विनोद, आणि शेवटी एक पत्ता: इथे जा आणि ट्रायला ईमेल करा. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. हॉस्टेलमध्ये आम्ही रांगेने पाठवले. त्यातले बहुतेक आयते लिहिलेले होते, म्हणजे स्वतंत्र विचारांच्या परीक्षेत आम्ही काठावर पास. पण रात्री दोन वाजता मेसच्या पायऱ्यांवर ‘एखाद्या अ‍ॅपला फुकट डेटा दिला तर बिघडलं कुठे?’ यावर जे भांडण झालं, तसं चार वर्षांत कुठल्याही तासाला झालं नाही. तिकडे निर्णय व्हायचा होता आणि निर्णय घेणाऱ्याने आम्हाला विचारलं होतं.

डिसेंबरात दुसरी फेरी झाली. आता ट्रायचे प्रश्न चारच होते. मोजक्या साइट फुकट देणारी आपली ‘फ्री बेसिक्स’ योजना वाचवायला फेसबुकनेही लोकांकडून आयते संदेश पाठवून घेतले. ट्रायने फेसबुकला कळवलं की हे संदेश योजनेला पाठिंबा देतात, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. किती लोक बोलले याच्या पुढे जाऊन, विचारलेल्यावर बोलले का, असं एका सरकारी संस्थेने जगातल्या सगळ्यात मोठ्या सोशल मीडिया कंपनीला विचारलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेबसाइटनुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली.

असा प्रश्न आपल्या वयाच्या लोकांना एरवी कोण विचारतं? महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत घेण्याची तरतूद केली, २०१९मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं, आणि विधानसभा निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. पुणे महापालिकेसाठी फेब्रुवारी २०१७मध्ये मतदान झालं. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं राज्यघटना सांगते, तरीही. २०१७च्या त्या मतदानानंतर आठवड्याभराने अठरा वर्षांची झालेली मुलगी घ्या. पंचविशी ओलांडली तरी तिने नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं. तिच्या गल्लीतलं ड्रेनेज, बसच्या फेऱ्या, रस्त्यावरचा दिवा यांबद्दल तिला उत्तर द्यायला बांधलेला माणूसच नव्हता. दिल्लीबद्दल मात्र तिला रोज शंभर रील्स येत होते, आणि लोकसभेला तिने दोनदा मत दिलं.

दिल्लीवर मत असणं सोपं असतं. त्याचा पडताळा संध्याकाळी घराबाहेर पडल्यावर येत नाही. ड्रेनेजबद्दलचं मत चुकलं तर पावसाळ्यात कळतं, शेजारीण सांगते, मग बदलावं लागतं. ही सवय जिथे लागायची त्या जागा ओस पडल्या आणि त्या पोकळीत स्क्रीन शिरली. आधी स्क्रीन आली आणि तिने जागा ओस पाडल्या असं मला तरी दिसत नाही. निवडणुका ना इन्स्टाग्रामने थांबवल्या, ना चुलतभावाला त्याने गप्प केलं.

‘द सोशल डायलेमा’च्या शेवटी, श्रेयनामावली सरकत असताना, मुलाखत दिलेले सगळे आपापले उपाय सांगतात. नोटिफिकेशन बंद करा, यूट्यूब सुचवेल ते बघू नका, बेडरूममध्ये फोन नेऊ नका, अ‍ॅप काढून टाका. मी यातले दोन पाळतो, झोप सुधारली आहे. कायदा आणि करांचा उल्लेख त्याआधी धावता येऊन जातो. बेनच्या घराबाहेर एक गाव असेल, तिथे शाळेचं मंडळ असेल, कुणीतरी कशावर तरी निर्णय घेत असेल, हे मात्र कॅमेऱ्याला सुचत नाही. बेनला शेवटी जिथे बेड्या पडतात त्या सभेची मागणी काय होती, हेही माहितीपट सांगत नाही. दिग्दर्शकाने तो गट मुद्दाम गुळगुळीत ठेवला आहे, कुठल्याच बाजूच्या प्रेक्षकाला टोचू नये म्हणून. त्यामुळे बेन चुकला की बरोबर होता, हे ठरवायची सोय प्रेक्षकालाही उरत नाही.